दोन तिरक्या रेघा

"ताई, मी विसरलो नव्हतो. थांबलो होतो."

काका एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही, कपाळाला आठी नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं. तालमीतला राग चहाची किटली येईपर्यंत टिकतो, फार तर घरी जाताना गाडीला किक मारेपर्यंत. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मांडीवरच्या उघड्या पानाकडे पाहत ते वाक्य बोलले आणि परत बाकावर जाऊन बसले. "मागून घेऊ या," दिग्दर्शक म्हणाला. मुलीचं काम करणाऱ्या पोरीने मागचं वाक्य पुन्हा टाकलं आणि तालीम पुढे सरकली. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. शाळेच्या हॉलच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि माझी पेन्सिल त्या पानावरून उठत नव्हती.

पान ४१. दुसरा अंक. बारा वर्षांनी घरी आलेली मुलगी बापाला विचारते, "तेव्हा तुम्ही मला अडवलं का नाहीत?" आणि बाप म्हणतो, "वाटलं, येशील परत." संहितेत या दोन वाक्यांमध्ये काहीही नाही. कंसात 'शांतता' नाही, तीन टिंबं नाहीत. इतके दिवस काका प्रश्न संपला की लगेच उत्तर देत होते. त्या रात्री दिलं नाही. मान खाली घातली, उजव्या हाताचा अंगठा बाकाच्या कडेवर फिरवत राहिले. मी मनात तीन मोजले आणि सवयीने शब्द दिला, "वाटलं". तो नेमका त्यांच्या तोंडाशी आलेल्या शब्दावर जाऊन आदळला. आता कळतं की त्या तीन सेकंदांत त्यांना त्या बापाचं काहीतरी सापडत होतं. दुसऱ्या दिवशी मी त्या जागी दोन तिरक्या रेघा मारून ठेवल्या आणि वाट पाहिली. काका थांबले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. प्रश्न, उत्तर, पुढचं वाक्य. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत ते त्या जागी पुन्हा कधीच थांबले नाहीत.

मी आमच्या नाट्यसंस्थेत प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे नट अडला की त्याला पुढचा शब्द देते. दिवसभर पतसंस्थेत आकडे आणि संध्याकाळी साडेसातपासून दुसऱ्याची वाक्यं. आम्ही हौशी मंडळी, वर्षातून एक नाटक, राज्य नाट्य स्पर्धेसाठी. गणपती उठले की वाचन सुरू होतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस सगळे गोल करून खुर्च्यांवर बसतात, स्क्रिप्टच्या झेरॉक्स गरम असतात, प्रत्येक जण आपल्या वाक्यांखाली रंगीत रेघा ओढतो. मग तालीम उभी राहते. बाकं भिंतीकडे सरकवायची, खडूने फरशीवर दारं काढायची, दोन बाकं जोडून सोफा, पाण्याची बाटली म्हणजे टेलिफोन. त्या हॉलचा एक वास आहे, ओल्या छत्र्यांचा, खडूचा, सकाळच्या मुलांच्या डब्यांचा. पावसाळ्यात त्यात कोंदट चटयांचा वास मिसळतो. मी भिंतीला टेकून, नटांच्या डाव्या हाताला, खडूच्या रेघेबाहेर बसते. मधल्या वर्षांत हॉल दोनदा बदलले, जागा तीच राहिली.

या कामाला माणसं शोधावी लागतात. कुणालाच ते नको असतं. मीही छोटं काम मिळतंय म्हणूनच आले होते, शेजारीण, पहिल्या अंकात दोन एंट्र्या. एका संध्याकाळी प्रॉम्प्टिंग करणारा मुलगा आजारी होता म्हणून स्क्रिप्ट माझ्याकडे आलं. त्या रात्री मला पहिल्यांदा अख्खं नाटक दिसलं. आपल्या एंट्रीची वाट बघत उभं राहिलं की आपलं वाक्य तेवढं कानात वाजत राहतं, बाकी सगळं धूसर. स्क्रिप्ट मांडीवर आलं आणि प्रत्येकाचं वाक्य सारख्या महत्त्वाचं झालं. शेजारणीचंही. मी ते स्क्रिप्ट परत दिलंच नाही.

माझी प्रत वेगळी असते. संहिता एका बाजूने छापलेली, समोरचं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर सगळं येतं: कोण कुठून उठला, कुणी कप कुठे ठेवला, दार कुणी उघडं टाकलं, दिव्याचा क्यू म्हणजे इशारा, पार्श्वसंगीताचा क्यू. सगळं पेन्सिलीने, कारण दिग्दर्शक आज बसवलेलं उद्या मोडतो आणि परवा पुन्हा तिथेच येतो. एक तिरकी रेघ म्हणजे श्वास. दोन रेघा म्हणजे पॉज. शब्दाभोवती गोल म्हणजे इथे हमखास अडखळतात. २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागात आमचं सामान ठेवलेल्या खोलीत पाणी शिरलं. रंगमंचावर उंचवट्यासाठी मांडतो त्या लेव्हल्सचं प्लायवूड फुगून त्याचे पापुद्रे निघाले, कपड्यांची ट्रंक चिखलाने भरली. स्क्रिप्टचे गठ्ठे आम्ही गच्चीवर उन्हात पसरले तेव्हा पाहिलं, बॉलपेनने, शाईने लिहिलेलं सगळं निळ्या डागांत पसरून गेलं होतं आणि पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा होत्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या नाटकातल्या दोन तिरक्या रेघा मी त्या गाळाने पिवळ्या पडलेल्या कागदावर बोटाने चाचपून पाहिल्या. ज्यांनी तो पॉज घेतला होता ते गृहस्थ तोवर गेले होते. त्यांची वाक्यं छापलेली होती, ती कुठेही मिळतील. ते थांबायचे कुठे, हे त्या एकाच कागदावर होतं.

माझं खरं काम हातातली स्क्रिप्टं सुटतात त्या दिवशी सुरू होतं. दिग्दर्शक सांगतो, "उद्यापासून पुस्तकं खाली." दुसऱ्या दिवशी माणसं हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखी उभी असतात. महिनाभर ज्या कागदाला धरून चाललो तो नाही, आणि पाठ केलेलं घरी आरशासमोर येत होतं, इथे समोर माणूस उभा राहिला की जातं. त्या चार-पाच तालमी सगळ्यात वाईट आणि मला सगळ्यात प्रिय. नट त्या दिवसांत जितका उघडा पडलेला असतो तितका प्रयोगातही नसतो. आपल्याला येत नाही हे दहा माणसांसमोर दिसत असतं आणि तरीही वाक्य टाकायचं असतं. अशा वेळी भिंतीकडून येणारा आवाज कसा असावा, हे शिकायला मला फार वर्षं लागली.

नुसता पहिला शब्द देऊन भागत नाही. अर्धी वाक्यं 'पण'ने, 'अगं'ने, 'हे बघ'ने सुरू होतात. 'पण' दिलं तर नट 'पण' म्हणून पुन्हा तिथेच उभा. ज्या शब्दाला धरून वाक्य उलगडतं तो द्यायचा. पत्र, किल्ली, मंगळवार. कुजबुजायचं नाही. कुजबुजीतले स आणि श विंगेतून सुटले की मागच्या रांगेपर्यंत जातात. त्यापेक्षा छातीतून, खालच्या पट्टीत सांगितलेला शब्द नटापाशी थांबतो. सुरात करुणा नको, घाई तर अजिबात नको. चुकलास असं त्या आवाजात कणभरही वाजलं तर पुढची दोन पानं त्या माणसाच्या घशात काटा राहतो. शिवाय प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणाला एक शब्द पुरतो. कुणाला पूर्ण वाक्य लागतं, आणि ते त्याने मागितल्याशिवाय दिलं तर अपमान वाटतो. आमच्यातला एक जण अडला की चुटकी वाजवतो. एक बाई मुळीच थांबत नाहीत, त्याच अर्थाचं काहीबाही बोलत राहतात, आणि त्यांच्या वाक्याच्या शेवटच्या शब्दावर ज्याची एंट्री असते तो पलीकडे ताटकळतो. मग मी तो शेवटचा शब्द हळूच म्हणून त्याला आत पाठवते.

कधी दोन माणसं मिळून दीड पान उडी मारून जातात. तेव्हा क्षणात ठरवावं लागतं, परत आणायचं की पुढे जाऊ द्यायचं. त्या दीड पानात पत्र आलेलं असेल आणि पुढे ते पत्र फाडायचं असेल तर परत आणण्यावाचून गत्यंतर नाही. नुसतं भांडण असेल तर जाऊ द्यावं. कुणी आला नसेल तर प्रॉक्सी द्यायची, म्हणजे त्याची वाक्यं मीच म्हणायची, त्याच्या जागी उभं राहून. मी आजवर सासू झाले आहे, इन्स्पेक्टर झाले आहे, एकदा मेलेल्या माणसाचं भूत. प्रॉक्सी देताना अभिनय करायचा नाही हा माझा मीच घातलेला नियम आहे. समोरच्याला टेकायला भिंत हवी असते. भिंतीने आपला रंग दाखवू नये.

आणि सगळ्यात मोठं काम, शांतता ओळखायची.

मी स्वतःशी एक आडाखा बांधून ठेवला होता. विसरलेला माणूस आत बघतो, थांबलेला माणूस समोरच्याकडे बघतो. विसरला की डोळे किंचित वर जातात, नाहीतर जमिनीवर काहीतरी पडल्यासारखे खाली शोधू लागतात, बोटं चाळवतात, श्वास वरच्या वर राहतो. थांबलेल्याचा श्वास चालू असतो. म्हणून मी स्क्रिप्टकडे कमी बघते आणि माणसांकडे जास्त, ओळीवर बोट असतं तेवढं पुरतं. या आडाख्यावर मी इतकी वर्षं काढली. त्या रात्री काकांची मान खाली होती, अंगठा चाळवत होता. माझ्या हिशोबाने सगळी लक्षणं विसरण्याचीच होती.

आमच्या सांगलीत नाटकाचा विषय निघाला की विष्णुदास भाव्यांपासून सुरुवात होतेच, मीही तिथेच जाते. १८४३ साली त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेव्हा सगळं नाटक पाठ असलेला एकच माणूस होता, सूत्रधार. पदं तो म्हणायचा, कथा तो पुढे न्यायचा, आणि सोंगं घेतलेली माणसं त्या पदाच्या अनुरोधाने आपापलं गद्य उत्स्फूर्त बोलायची. गद्य लिहिलेलंच नव्हतं, म्हणजे विसरण्यासारखंही काही नव्हतं. सूत्रधार प्रेक्षकांच्या समोर, मंचावर, अखेरपर्यंत उभा. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, पदं ज्याची त्याच्या तोंडी गेली, लिहिलेली संहिता तर त्याआधीच नटांच्या हातात येऊ लागली होती. ज्याला अख्खं नाटक ठाऊक आहे असा माणूस मंचावरून गेला. तो कुठे गेला असेल? मला वाटतं तो विंगेत येऊन उभा राहिला, आवाज खाली आणून. याला आधार काही नाही, पण भावे नाट्यमंदिराच्या विंगेत उभी असताना मला तसं खरंच वाटतं.

गोव्यात मात्र मी त्याला राजरोस पाहिलाय. नणंदेच्या सासरच्या गावी देवळाच्या जत्रेला नाटक होतं, गावातल्याच लोकांनी केलेलं. रात्री उशिरा सुरू झालं. प्रॉम्प्टर विंगेच्या अगदी कडेला, अर्धा बाहेर, वही छातीशी धरून, आणि त्याचा आवाज पहिल्या चार रांगांना स्वच्छ ऐकू येत होता. आधी तो बोलायचा, मग राजा बोलायचा. मी शहारून बाजूला बसलेल्या आजींकडे पाहिलं. त्यांना काहीच खटकत नव्हतं. त्या राजाकडे बघत होत्या, राजा त्यांचा पुतण्या होता, दिवसभर दुकानात बसून संध्याकाळी मुकुट चढवून उभा राहिलेला. त्याला कुणीतरी वाक्य सांगतंय यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. माझ्या मनातली एक गाठ त्या रात्री सैल झाली, आणि परत येताना बसमध्ये पुन्हा घट्टही झाली. कारण तिथे शब्द इतका सतत येत होता की कुणी थांबतच नव्हतं. त्या राजाला सुचलं असतं तरी गप्प राहायला जागा नव्हती.

शांततेची ही भीती मला कुठून आली ते मला माहीत आहे. लहानपणी संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की परवचा. शुभंकरोती, मग पाढे. बाबा झोपाळ्यावर बसायचे, मी समोर जमिनीवर. झोपाळ्याच्या कड्यांची करकर चालू असायची, तिच्या तालावर पाढा चालायचा. सतराचा माझा हमखास अडायचा. सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक… आणि मी थांबले की बाबा पाय टेकवून झोपाळा थांबवायचे. करकर बंद. ते रागवायचे नाहीत, मारायचे नाहीत, उत्तरही सांगायचे नाहीत. नुसतं थांबायचे. घरातला सगळा आवाज निघून जायचा, शेजारच्या रेडिओचा तेवढा ऐकू यायचा. आणि मग माझी नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची. तिथे अर्ध्या अंधारात, हाताला पीठ लागलेली आई उभी असायची आणि आवाज न करता ओठ हलवायची. अडु-सष्ट. मी ते म्हणायची आणि झोपाळा पुन्हा सुरू.

किती वर्षं मला वाटत राहिलं की आईने मला वाचवलं. मी जी झाले ती त्या दारातल्या आईसारखी झाले, हे उघडच आहे. पण काकांच्या त्या वाक्यानंतर मला रात्री बाबांचा पाय दिसू लागला, जमिनीला टेकवलेला, झोपाळ्याचं सगळं वजन तोलून धरलेला. त्यांना कदाचित वाटत असेल, येईल तिला, थोडं थांबू या. ते थांबणं माझ्यासाठीच होतं की काय? दार त्यांच्या पाठीमागे होतं. आईचे ओठ त्यांना कधी कळले की नाही, मला ठाऊक नाही. सतरा चोक आजही मला आईच्या ओठांवर दिसतं आणि मगच येतं.

फ्रेंच भाषेत प्रॉम्प्टरला 'सूफ्लर' म्हणतात, फुंकणारा. हा अर्थ कळला तेव्हा मला आजीची फुंकणी आठवली. निखारा जिवंत असेल तर हळू फुंकर पुरते. उगाच जोरात फुंकलं की राख डोळ्यांत जाते आणि निखारा तिथेच राहतो.

काकांशी मी बोलले नाही असं नाही. दोन-तीनदा प्रयत्न केला. एकदा चहाच्या वेळी म्हटलं, "काका, ४१ पानावर तुम्ही थांबा ना, मी काही देणार नाही." ते हसले. "अहो, ते त्या दिवशी झालं. तसं मुद्दाम केलं की खोटं होतं." त्यांची वयाची सत्तरी जवळ आलेली, पन्नास वर्षं नाटकात, मनात कुणाबद्दल काही ठेवणारा माणूस नाही. मी दिग्दर्शकाला गाठलं. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. त्याला सांगितलं, तू त्यांना सांग, तिथे पॉज बसव. तो बराच वेळ माझ्या पानावरच्या दोन रेघांकडे बघत राहिला. म्हणाला, "ताई, तो त्यांना सापडला होता. मी बसवला तर माझा होईल." त्याचं बरोबर होतं. मला त्याचा फार रागही आला. रंगीत तालमीपर्यंत मी त्या जागी श्वास रोखून धरायची, आणि काका सरळ पुढे जायचे.

मग प्रयोगाचा दिवस. टेम्पोतून नेपथ्याच्या भिंतींचे फ्लॅट उतरवले, काळ्या कपड्यांतली पोरं लेव्हल्स जोडत होती, अंधारात पाय अडखळू नये म्हणून कडांना चमकत्या टेपचे तुकडे. प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद अंथरून मी प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिलीने रेघ काढते, म्हणजे रिकाम्या आकारावरून कळतं काय राहिलं. चष्मा, पत्र, दोन कप, पितळी किल्ली. रंगपटात पॅनकेकचा, स्पिरिट गमचा, तेलकट बल्बचा वास. नटराजासमोर नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरले. बॅकस्टेजच्या पोरांना मी ते आधी देते. स्पर्धेत नेपथ्याला बक्षीस असतं, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला असतं. ज्या पोराने ब्लॅकआउटमध्ये चाळीस सेकंदांत दिवाणखान्याचं अंगण करायचं असतं त्याचं नाव निवेदनात एका दमात इतर सहा जणांबरोबर येतं. ते नाव घेतलं जाताना तो बहुधा खिळा ठोकत असतो.

आमच्याकडे प्रयोगाला प्रॉम्प्टिंग नसतं. दिग्दर्शकाचा तसा शिरस्ता आहे, आणि मला तो मान्य आहे. प्रयोगात माझा आवाज लागला तर तालमीत माझं काम कमी पडलं. तरी मी डाव्या विंगेत उभी असते, निळा जिलेटिन कागद लावलेला छोटा टॉर्च, ओळीवर बोट. अगदीच गाडी अडली तर म्हणून. तिसरी घंटा झाली, पडद्यामागे काकांनी वाकून रंगमंचाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आपल्या जागी जाऊन बसले.

पहिला अंक छान गेला. दुसऱ्यात पान ४१ आलं. "तेव्हा तुम्ही मला अडवलं का नाहीत?" मी डोळे मिटले. "वाटलं, येशील परत." लगेच, स्वच्छ. माझ्या पानावर दोन रेघा तशाच.

पान ४७. बाप घराची किल्ली खिशातून काढतो, मुलीकडे बघतो, आणि म्हणतो, "ही तुझ्या आईच्या हातची आहे, घासलेली." तिथे आजवर कधीच कुणी थांबलं नव्हतं. काकांनी किल्ली काढली, तळहातावर ठेवली, मुलीकडे पाहिलं. आणि थांबले. नजर तिच्यावर स्थिर, हात स्थिर. मी मोजायला लागले. तीनला माझ्या जिभेवर 'आईच्या' आलं. मी ते दातांमागे धरलं. चार. त्यांचा श्वास चालू होता, मला खांदे दिसत होते. पाच. प्रेक्षागृहात कुणी खोकलंही नाही. मला वाटलं, आला, तो परत आला, सहा पानं उशिरा. मी टॉर्च विझवला, म्हणजे बोलायचा मोह नको. सहा. सात. मुलीचं काम करणारी पोर एक पाऊल पुढे आली आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलली, "आईची ना ही?" आणि काका म्हणाले, "हो. तिच्या हातची. घासलेली."

पडदा पडल्यावर रंगपटात गर्दी उसळली. पेढे, फोटो, नमस्कार. एक जुने जाणकार प्रेक्षक, दरवर्षी येणारे, गर्दीतून वाट काढत काकांपर्यंत पोचले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "तो किल्लीचा पॉज! काय थांबलात हो!" काकांनी हात जोडले, मान झुकवली. मी प्रॉपर्टीच्या टेबलापाशी वस्तू परत त्यांच्या त्यांच्या आकारात ठेवत होते. किल्ली ठेवली. चष्मा ठेवला.

माणसं पांगली तेव्हा काका आरशासमोर एकटे बसलेले दिसले, बनियनवर, अर्धी मिशी उतरवलेली. मी कापूस आणि खोबरेल तेल घेऊन गेले; मिशीचा गम ओढून काढला की त्यांची कातडी लाल होते. आरशात त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री पाहिलं नव्हतं, आज सरळ पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "या वेळी विसरलो होतो."

मी कापूस तेलात बुडवला आणि त्यांच्या ओठावर धरून उभी राहिले, गम सुटेपर्यंत.